द्रव्याचे उचंत खाते

(बी. कॉम. भाग २)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने 'द्रव्य' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नोटा उभ्या राहतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने तोच शब्द उच्चारला, तर त्याला जागा व्यापणारी आणि वस्तुमान असलेली कोणतीही गोष्ट चालते. मग ती सोन्याची लगड असो की केळ्याची साल. माझी आणि या शब्दाची ओळख शाळेत झाली ती दुसऱ्या अर्थाने. मराठी माध्यमाच्या आमच्या वर्गात 'स्थायू, द्रव, वायू' असा घोष चाले, तेव्हा भिंतीपलीकडे कानडी माध्यमाच्या वर्गात 'घन, द्रव, अनिल' चालू असे. नावे निराळी, पण पाणी दोन्ही पुस्तकांत शंभर अंशांवरच उकळत असे! दहावीनंतर मी जमाखर्चाच्या वाटेला लागलो आणि द्रव्याचा उरला तो पहिला, नोटांचा अर्थ. हे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आले ते गेल्या सुट्टीत, इंदूरला मावशीकडे महिनाभर राहिलो तेव्हा. त्या महिन्यात जे मनात आले, ते येथे मांडतो आहे.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात द्रव्याचा एक वंशवृक्ष असतो. वर द्रव्य. त्याच्या दोन फांद्या: शुद्ध पदार्थ आणि मिश्रणे. शुद्ध पदार्थांत मूलद्रव्ये आणि संयुगे. मिश्रणांत समांगी आणि विषमांगी. आजवर ठाऊक असलेली मूलद्रव्ये अवघी ११८, आणि जगातले सारे पदार्थ त्यांच्याच जमवाजमवीतून झालेले. या वंशवृक्षात लोखंड आहे, मीठ आहे, दूध आहे, धूरसुद्धा आहे. पण आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो तो एक शब्द त्यात कोठेच सापडत नाही. तो शब्द म्हणजे कचरा.

कचरा हा कोणत्याही पदार्थाचा गुणधर्म नाही. वितळणबिंदू मोजता येतो, घनता मोजता येते, कचरेपणा मोजता येत नाही. मग हे प्रकरण आहे तरी काय? मला याचे उत्तर जमाखर्चातच सापडले. आमच्या खतावणीत एक उचंत खाते असते. एखादी रक्कम आली किंवा गेली, पण ती नेमकी कोणत्या खात्यात घालावी हे समजेना, की ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. रक्कम खरी असते. तिचे वर्गीकरण तेवढे व्हायचे राहिलेले असते. चांगला हिशेबनीस हे खाते वर्षअखेरीपर्यंत मिटवतो. जेथे ते फुगत जाते, तेथे काहीतरी गडबड आहे असे तपासनीस समजतो. कचरा हे द्रव्याचे उचंत खाते आहे. कोठे घालावे हे ठरवायचा कंटाळा केलेल्या वस्तू आपण त्यात टाकतो आणि झाकण लावतो.

इंदूरला हे झाकण उघडावे लागते. मावशीच्या स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला डब्यांची रांग आहे. सकाळी गाणे वाजवीत महापालिकेची गाडी येते. तिला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तू, शरीरस्वच्छतेच्या वस्तू आणि घरगुती घातक पदार्थ. पहिल्या दिवशी दाढी करून मी उठलो, तशी मावशी म्हणाली, "ब्लेड इकडे दे, घातकच्या डब्यात जाईल. आणि घड्याळातला सेल बदललास ना, तो कुठाय?" मावशीची मराठी चाळीस वर्षांत हिंदीकडे झुकली आहे, पण डब्यांच्या बाबतीत ती कोणाकडेच झुकत नाही. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिले आले. पुढच्या, २०२४ च्या सर्वेक्षणात त्याला अव्वल शहरांच्या वेगळ्या गटात घालून तेथेही अग्रस्थान मिळाले. बक्षिसांची ही यादी ऐकून मला फारसे काही वाटले नव्हते. मावशीच्या हातून सेल सोडवून घेता आला नाही, तेव्हा वाटले.

माझी मावसबहीण रसायनशास्त्रात एम. एस्सी. करते. सेलसाठी एवढा हट्ट कशाला, असे मी तिला विचारले. ताई म्हणाली, "मिश्रणाची व्याख्या आठवतेय? घटक एकत्र असतात, पण आपापले गुणधर्म सोडत नाहीत. डब्यात साल, पिशवी आणि सेल शेजारी पडले, तोवर ते मिश्रण. हातानं वेगळं करता येतं. पण ते आठवडाभर तसंच राहू दे. साली कुजतात, त्यातून आम्लं तयार होतात. ती सेलचा पत्रा खातात, आतले धातू विरघळवतात. आता ते काळं पाणी जमिनीत उतरणार. ते कुठल्या हातानं वेगळं करशील?"

भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक मी परीक्षेत अनेकदा लिहिला होता. पहिल्यात नवा पदार्थ तयार होत नाही, दुसऱ्यात होतो. पहिला सहसा उलटवता येतो, दुसरा सहसा येत नाही. मेण वितळणे आणि मेणबत्ती जळणे, ही आपली ठरलेली उदाहरणे. पण या दोन बदलांच्या मध्ये थोडा अवधी असतो आणि माणसाने जे काही करायचे ते त्याच अवधीत, हे उत्तरपत्रिकेत लिहायचे कोणी सांगितले नव्हते. मिश्रण आहे तोवर निवडता येते. आमच्या सीमाभागाचेच पाहा ना! एका घरात मराठी आणि कानडी दोन्ही नांदतात आणि दोन्ही आपापले गुणधर्म राखून असतात. या अंकाचे दोन विभागही तसेच. अशा मिश्रणाला मी तरी दोष देणार नाही. डब्यातल्या मिश्रणाची गोष्ट वेगळी. त्याला वेळेची मर्यादा आहे.

गुणधर्म ओळखणाऱ्याला मिश्रणातून काय काढता येते, हे पाहायचे तर सराफ्यात जावे. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा. लोक रबडी आणि भुट्ट्याचा किस यांसाठी तेथे जातात, मीही गेलो. पण माझे लक्ष वेधले ते दुकानांसमोरची धूळ झाडून जपून गोळा करणाऱ्या माणसाने. हिंदीत याला न्यारिया म्हणतात. आपल्याकडे याच धंद्याला झारेकरी असा जुना शब्द आहे. सोनाराच्या कानशीतून उडालेला कण, फुंकणीच्या वाऱ्याने गेलेला कण या धुळीत असतो. सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीसपट, वाळूची अडीचपटीच्या आसपास. तबकात पाणी घालून धूळ घोळली, की माती वाहून जाते आणि जड कण तळाशी बसतात. त्यात चांदी-तांब्याचा अंश असेल, तर तो नायट्रिक आम्लात विरघळतो. सोने विरघळत नाही. पहिली पायरी भौतिक गुणधर्माची, दुसरी रासायनिक गुणधर्माची. त्या माणसाने ही व्याख्या कधी पाठ केली असेल असे वाटत नाही. पण इतरांनी झाडून टाकलेली धूळ त्याच्या उचंत खात्यात पडून राहत नाही, एवढे खरे.

सोन्याचे ठीक आहे. पण भाजीच्या देठांना कोण विचारतो? इंदूरला विचारतात. शहराबाहेर देवगुराडियाला अनेक वर्षांचा कचऱ्याचा डोंगर साचला होता. २०१८ साली त्यातला सुमारे १३ लाख टन माल चाळून, निवडून वेगळा केला गेला आणि जमीन मोकळी झाली. त्याच परिसरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत देण्याची. या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. बंद टाकीत, हवेशिवाय, जिवाणू हा कचरा पचवतात आणि स्थायूचा वायू होतो. पण बर्फाचे पाणी आणि पाण्याची वाफ व्हावी तसा हा केवळ अवस्थाबदल नव्हे. येथे साखर, पिष्ट, प्रथिने मोडून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड ही नवी संयुगे बनतात.

हे आकडे ऐकताच माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी जागा झाला. नावे ५५० टन. जमा १७ आणि १००, म्हणजे ११७ टन. उरलेले ४३३ टन कोणी खाल्ले? मी ताईला तसे विचारले आणि आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. टाकीतून निघणाऱ्या वायूत आकारमानाने साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. वाहनासाठी गॅस शुद्ध करताना हा दुसरा वायू वेगळा काढतात. तो वजनाला भारी. १७ टन मिथेनमागे सुमारे ३० टन निघतो. म्हणजे हिशेब दीडशे टनांपर्यंत आला. बाकीचे चारशे टन? ताईने स्वयंपाकघरातून दोडक्याचे साल आणून माझ्या हातावर पिळले. पाणी! भाज्यांच्या सालींत, देठांत निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच असते. काही माल निरुपयोगी म्हणून निवडून बाजूलाही काढावा लागतो. हिशेब ढोबळ होता, पण तेरीज जुळली. तेरीज जुळल्यावर हिशेबनिसाला जो आनंद होतो, तो रसायनशास्त्रात मला पहिल्यांदाच मिळाला.

पुढे कळले की रसायनशास्त्राला तेरीज शिकवली तीही आमच्याच पंथाच्या माणसाने. फ्रान्सचा लॅव्हाझिए हा पोटापाण्यासाठी राजाच्या वतीने कर वसूल करणाऱ्या मंडळीत भागीदार होता. आकडे, वजने आणि ताळेबंद हा त्याचा रोजचा उद्योग. तीच शिस्त त्याने प्रयोगशाळेत आणली. प्रयोगाच्या आधी जेवढे द्रव्य, तेवढेच प्रयोगानंतर असले पाहिजे. बदलते ते रूप. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात त्याने हे तत्त्व मांडले. त्याआधी, १७७२ साली, गंधक आणि फॉस्फरस जळल्यावर वजनाने वाढतात हे त्याने दाखवले होते. जळणे म्हणजे काहीतरी निघून जाणे, अशी तेव्हाची समजूत. वजनकाट्याने सांगितले की हवेतले काहीतरी येऊन मिळते आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ८ मे १७९४ रोजी, करवसुलीच्या त्या भागीदारीपायी त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा ताळेबंद मात्र आजही चालू आहे.

आता 'कस' या शब्दाविषयी थोडेसे. कानडीत 'कस' म्हणजे कचरा. रस्त्यावर 'कस हाकबेडि', म्हणजे 'कचरा टाकू नका', अशा पाट्या आपण पाहतोच. मराठीत 'कस' म्हणजे सत्त्व: सोन्याचा कस, जमिनीचा कस. एकाच शब्दाचे दोन शेजारी भाषांत एवढे उलटे अर्थ कसे, याचे मला नेहमी नवल वाटे. कानडीत 'कसदिंद रस', म्हणजे कचऱ्यातून रस, असा प्रयोग आहे. मराठीत त्याचे भाषांतर करायचे तर 'कसातून कस' असेच करता येईल! आणि हे भाषांतर प्रत्यक्षात उतरले ते इंदूरलाच.

१९२४ साली इंदूरला वनस्पतिसंशोधनाची एक संस्था सुरू झाली. तिचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. ते १९३१ पर्यंत येथे होते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. संशोधन मुख्यतः कापसाचे. पण हॉवर्ड यांना प्रश्न पडला तो जमिनीच्या कसाचा. शेतातला पालापाचोळा, काडीकचरा लोक जाळून टाकत आणि शेणाच्या गोवऱ्या थापत. जमिनीतून गेलेले जमिनीला परत मिळेना. नावे पडत होते, जमा होत नव्हते. त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचले, पाणी शिंपडले आणि हवा खेळती राहावी म्हणून ठराविक दिवसांनी ढीग उलथवले. ढीग आतून तापतो, साठ अंशांच्याही वर जातो. जिवाणू श्वास घेतात, कार्बन वायुरूपाने निघून जातो, नायट्रोजन बहुतांशी मागे राहतो. सुरुवातीला नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे सुमारे तेहतीस भाग असतात. तीन महिन्यांत ते दहाच्या आसपास येतात आणि हाती येते काळे, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत. ही पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. तिच्यावरचे इंग्रजी पुस्तक १९३१ साली निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. संस्थेतले रसायनशास्त्राचे काम ते पाहत. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले. आपल्या बाजूचे हे नाव मराठी शाळेत दहा वर्षे काढूनही माझ्या कानावर आले नव्हते, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग सगळे ठीकच चालले आहे! देठांचा गॅस होतो, काडीचे खत होते, धुळीतून सोने निघते. पण इंदूरपासून तीस किलोमीटरवर पिथमपूर आहे आणि तेथला हिशेब असा सुटसुटीत नाही.

१९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात काय झाले हे आपल्या प्राध्यापकांपैकी अनेकांना आठवत असेल. आम्ही ते वाचून जाणतो. रसायनाच्या भाषेत ती अवस्थाबदलाची रात्र होती. मिथिल आयसोसायनेट हा द्रव अवघ्या ३९ अंशांवर उकळतो. टाकीत पाणी शिरले, प्रक्रिया होऊन उष्णता वाढत गेली, द्रवाचा वायू झाला आणि सुमारे ४० टन माल हवेत गेला. तो वायू हवेपेक्षा जड, म्हणून वर न जाता झोपडपट्ट्यांवरून जमिनीलगत पसरला. उत्कलनबिंदू, घनता हे गुणधर्म आपण एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतो. त्या रात्री त्यांच्यावर हजारो माणसांचे जीव अवलंबून होते.

कारखाना बंद पडला, पण त्याचे विषारी अवशेष आवारात चाळीस वर्षे पडून राहिले. हे खरे उचंत खाते! कोणाच्या नावे टाकावे यावर वाद, आणि तोवर शिल्लक पुढे ओढलेली. अखेर न्यायालयाच्या आदेशानंतर, १ जानेवारी २०२५ च्या रात्री, १२ कंटेनरांतून ३३७ टन माल भोपाळहून निघाला आणि पिथमपूरच्या भट्टीकडे आला. लोकांनी तीव्र विरोध केला. मग चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सारा माल जाळून झाला. वर्तमानपत्रांत 'कचरा नष्ट' असे मथळे आले. पण भट्टीतून बाहेर आलेली राख आणि अवशेष यांचे वजन भरले ८०० टनांहून अधिक! जाळून वाढले कसे? लॅव्हाझिएने सांगितले तसेच. विषारी वायूंना अडवण्यासाठी चुना आणि इतर रसायने घालावी लागतात. त्यांचे वजन राखेत जमा होते. विष बरेच मोडले, हे खरे. पण द्रव्य गेले नाही. ती राख कोठे पुरायची, हा प्रश्न त्याच वर्षी पुन्हा न्यायालयापुढे आला. आणि हे झाले गोळा करून ठेवलेल्या मालाचे. भोपाळच्या आवारात मातीत मिसळून गेलेले विष निराळेच. २०१० च्या सरकारी संशोधन संस्थांच्या अभ्यासात अशा दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा होता. जे एका पिंपात राहिले असते, ते मिसळल्यामुळे एका मैदानाएवढे झाले.

व्यापारात बुडीत येणे वर्षअखेरीस निर्लेखित करता येते. लेखणी मारली, की खाते मिटते. द्रव्याच्या वहीत निर्लेखनाची सोय नाही. भट्टी असो, विहीर असो, की गावाबाहेरचा ओढा, प्रत्येक ठिकाणी ते कोणाच्या तरी नावे पडतेच.

मित्रहो, आपले स्नेहसंमेलन जवळ आले आहे. जेवणानंतर पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, उरलेला भात आणि सजावटीच्या माळा एकाच पोत्यात भरल्या जातात. दुसऱ्या दिवशी ते पोते गावाबाहेर रिकामे होते आणि तेथे कोणीतरी वाकून, उघड्या हातांनी, त्यातून विकता येईल ते वेगळे काढते. वर्गीकरण होतेच. फक्त आपण ते दोन मिनिटांत, कोरड्या हातांनी करू शकलो असतो. तेथे ते कुजलेल्या आणि काचा मिसळलेल्या ढिगात करावे लागते आणि जे निवडता येत नाही, ते पावसाबरोबर झिरपते. यंदा संमेलनाच्या जेवणाच्या मांडवात तीन पिंपे ठेवावीत, अशी विनंती मी प्राध्यापक महोदयांना केली आहे. पाट्या मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत रंगवायचे काम मी घेतले आहे. कानडी पाटीवर 'कस' हा शब्द लिहायचा, की प्रत्येक पिंपावर त्यातल्या मालाचे खरे नाव लिहायचे, यावर मित्रांत चर्चा चालू आहे. माझे मत खऱ्या नावांकडे आहे.